गल्लीच्या तोंडाशी उभी जीप

माझ्या नवऱ्याला गप्प बसणं कधी जमलंच नाही. जव्हार ते मोखाडा तो जीप चालवायचा, आणि जीपपेक्षा त्याचं तोंडच जास्त चालायचं. पुढच्या सीटवर कोण बसलंय, मागे कोण लटकलंय, कुणाच्या पोरीचं जमलं, कुणाच्या पाड्यावरची विहीर आटली, सगळं त्याला माहीत. घाटातल्या वळणावरसुद्धा मान मागे वळवून बोलायचा. मग मागच्या बायका ओरडायच्या, "पुढं बघ रे बाबा, आम्हाला घरी पोरं हायत!" की हा मोठ्यानं हसायचा.

माझं माहेर मोखाड्याच्या पुढं, वर सूर्यमाळच्या डोंगरातल्या एका पाड्यावर. लग्नाआधी मी याच्याच जीपमधून आश्रमशाळेत जायची-यायची. माझ्या घरची नाचणी-भाताची थोडी शेती आहे. त्याच्या घरची मात्र काहीच जमीन नव्हती. सासू इकडच्याच वांगणी गावची, जन्मभर दुसऱ्याच्या बांधावर आणि वीटभट्टीवर राबलेली. आमच्यात नवऱ्याला अहो-जाहो करायची पद्धत नाही. मी त्याला तू म्हणते, तो मला. जव्हारच्या शेजारणी सुरुवातीला हसायच्या, मग सवय झाली त्यांना.

जव्हारला आम्ही दोघं, सासू आणि आमची पोरगी भाड्याच्या खोलीत राहत होतो. एक खोली, कोपऱ्यात चूल-गॅस, वर पत्रा. दार एक, खिडकी एक. गल्ली अरुंद आणि आमचं घर अगदी शेवटी, तिथं गल्ली संपते. मोरी आणि संडास आतच होते. खोली घेतली तेव्हा त्याचं मला किती कौतुक वाटलं होतं! पुढं मला वाटायला लागलं, संडास बाहेर असता तर निदान त्या निमित्तानं तरी दार उघडलं असतं.

पहिल्या वर्षी लॉकडाऊन झालं तेव्हा आम्ही तितके घाबरलो नव्हतो. जीप बंद, बाजार बंद, पण रोग मुंबई-ठाण्यात होता. आमच्याकडे फक्त माणसं परत येत होती, पायी, टेम्पोत लपून, कशीही. त्यांना शाळेत ठेवायचे, मग घरी सोडायचे. ते वर्ष गेलं, जीप पुन्हा सुरू झाली. रोग डोंगर चढून खरा वर आला तो दुसऱ्या उन्हाळ्यात.

मोखाड्याच्या रस्त्यालगत एका पाड्यावर एक म्हातारे गृहस्थ राहायचे. बाजाराच्या दिवशी ते जव्हारला यायचे आणि नेहमी पुढं, नवऱ्याच्या शेजारीच बसायचे. दुसरं कुणी बसलं असलं तर नवरा त्याला उठवायचा. त्या उन्हाळ्यात एका दुपारी त्यांच्या जावयानं रस्त्यात उभं राहून जीप थांबवली. म्हाताऱ्यांना ताप होता, धाप लागली होती. अँब्युलन्सला फोन करून झाला होता, ती दुसरीकडं गेली होती. नवऱ्यानं बाकीचे पॅसेंजर उतरवले आणि त्यांना पुढच्या सीटवर बसवलं. घाटभर त्यांचं डोकं याच्या खांद्यावर होतं. दवाखान्यात पोचवून तो घरी आला, अंगणात कपडे काढले, आंघोळ केली, जेवला. काही दिवसांनी दुसऱ्या जीपवाल्यानं सांगितलं की म्हातारे गेले.

मी त्याला पहिल्यांदा गप्प पाहिलं ते तेव्हा.

दुसऱ्या दिवशी त्यानं जीप आणून गल्लीच्या तोंडाशी लावली, फिनेलनं आतून-बाहेरून धुतली आणि काचा वर करून घेतल्या. मी म्हटलं, बरं झालं, थोडे दिवस घरी बस. सकाळी उठून पाहते तर दाराला आतून कुलूप.

"चावी कुठाय?"

त्यानं सदरा वर केला. चावी करगोट्याला बांधली होती.

"कशाला?"

"बाहेर जायचं काय काम हाय? काय लागतं ते मी आणीन."

मला वाटलं, दोन दिवसांचं आहे. सासूनंही तसंच मानलं. पोरगी पाच वर्षांची होती, तिला तर बाबा दिवसभर घरी आहे याचाच आनंद.

पण ते संपेना. पहाटे नळाला पाणी यायचं तेव्हाच तो बाहेर जायचा आणि जाताना दाराला बाहेरून कुलूप लावायचा. पाणी आणून, भाजी-तांदूळ आणून आत आला की आतून कुलूप. भाजी मिठाच्या पाण्यात, पिशवी उन्हात, चपला फिनेलमध्ये. खिडकीला त्यानं प्लास्टिकचा कागद ठोकला, कारण बाहेरून कुणाचा खोकला आत येईल. रोज सकाळी आम्हा तिघींच्या कपाळाला उलटा हात लावायचा. मोबाइलवर कुठंतरी त्यानं पाहिलं होतं की श्वास धरून ठेवता आला तर छाती चांगली. मग आम्हाला ओळीनं बसवून म्हणायचा, "धरा श्वास." पोरगी गाल फुगवायची, तिचं पाहून सासूला हसू फुटायचं आणि तिचा श्वास सुटायचा. की हा घाबराघुबरा व्हायचा.

"आये, नीट धर! तुला दम लागतोय!"

"हसू लागतंय मला, दम नाय," सासू म्हणायची.

तो मात्र हसायचा नाही. त्यानं हसणं कधी सोडलं ते मला कळलंही नाही.

एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली काय होतं ते पत्र्याखाली राहणाऱ्यालाच कळतं. दुपारी वरून भट्टी उतरायची. खिडकी बंद, दार बंद, फिनेलचा वास. सासूची तंबाखू संपली, ती चिडचिडी झाली. पोरगी फरशीवर कोळशानं गल्ली काढायची, गल्लीत नळ, नळावर बायका, आणि मग त्या रेघांवरून चालत जायची. भिंतीपलीकडं भाजी विकणारी शेजारीण होती. तिची भांडी वाजली की बरं वाटायचं, वाटायचं की जग आहे अजून. ती भिंतीवर थापटून विचारायची, "जिवंत हाय ना गं?" मी इकडून थापटून उत्तर द्यायची.

मला रोगाची भीती वाटत होतीच. कोणाला वाटत नव्हती? पण हळूहळू ती मागं पडली आणि दुसरंच काही तरी सुरू झालं. भाकरी थापता थापता एकदम वाटायचं, भिंती दोन बोटं पुढं सरकल्या. घशाशी काही तरी यायचं, तळहात ओले व्हायचे. मी हातातलं तसंच टाकून दाराशी जायची, खाली बसायची आणि दाराखालच्या फटीला नाक लावायची. त्या फटीतून गल्ली आत यायची. कुणाकडे बोंबील भाजलेत, कुणी अंगण शिंपडलंय, सगळं मला वासानं कळायचं. जमिनीला गाल टेकून मी तशीच पडून राहायची. नवरा कोपऱ्यातून पाहायचा आणि म्हणायचा, "तिथं नको. हवा येते तिथनं."

भांडले नाही असं नाही. एकदा चावी ओढायला गेले तर त्यानं माझा हात धरला. मारायला नाही. बुडणारा माणूस धरतो तसा दोन्ही हातांनी, मग मीच सोडून दिलं. दारुड्या नवरा असता तर शेजारपाजार गोळा करता आला असता. हा तर माझ्या जिवासाठी मला कोंडत होता. ओरडणार कुणाच्या नावानं?

सासूला मात्र असलं काही वाटत नव्हतं. एका पहाटे तो दोन्ही हातांत दोन हंडे घेऊन दारातून आत येत होता. सासू उठून उभीच होती. आदल्या संध्याकाळी तिनं पिशवी भरून ठेवली होती हे मी पाहिलं होतं, पण विचारलं नव्हतं. लुगडं वर खोचून ती सरळ त्याच्या बाजूनं बाहेर पडली.

"आये, कुठं?"

"वांगणीला."

"एसटी बंद हाय! बाहेर मरण हाय, आये!"

ती गल्लीत थांबली, मागे वळली. "बाहेर मरण हाय, मानलं. आत काय हाय ते सांग."

त्याच्या दोन्ही हातांत हंडे होते. ते खाली ठेवून तो धावला असता तर ती कुठवर जाणार होती? म्हातारं माणूस. पण तो तसाच उभा राहिला. हंड्यांतलं पाणी हिंदकळून त्याच्या पायांवर सांडत होतं. सासू जीपच्या बाजूनं अंग चोरून निघून गेली. मीही त्याच वेळी पोरीला उचलून निघू शकले असते, दार उघडंच होतं. त्याचा चेहरा पाहिला आणि माझे पाय उचलले नाहीत.

संध्याकाळी वांगणीहून फोन आला. थोडी चालत, थोडी कुणाच्या मोटरसायकलवर, ती पोचली होती. "पोचली एकदाची," एवढंच बोलली आणि फोन दुसऱ्याला दिला. पण तोपर्यंतचा दिवस नवऱ्यानं दाराशी बसून काढला. जेवला नाही. हाताला मुंग्या येतायत म्हणाला. मी हात चोळून दिले, ते बर्फासारखे गार होते. बाहेर पत्रा तापलेला आणि याचे हात गार.

दुसऱ्या पहाटे तो पाण्याला गेला. बाहेरून कुलूप लागल्याचा आवाज आला. मी चहाचं आधण ठेवलं. तेवढ्यात नळाकडून हंडा पडल्याचा आवाज, मागोमाग बायकांचा गलका.

"पडला, पडला!"

"हात नका लावू!"

"अरे, तो जीपवाला! त्या म्हाताऱ्याला त्यानंच आणलं होतं!"

मी दाराशी धावले. कुलूप बाहेरून. चावी त्याच्या करगोट्याला. मी दार हलवलं, लाथा मारल्या, ओरडले. पोरगी माझ्या साडीला धरून रडायला लागली. बाहेर माझा नवरा पडलाय, मेलाय की जिवंत आहे ठाऊक नाही, आणि मी हातभर अंतरावर आत. त्या वेळी मला पहिल्यांदा त्याचा खरा राग आला. मग त्या रागाचीच भीती वाटली. शेवटी मी भिंतीकडे गेले आणि दोन्ही मुठींनी भिंत बडवली.

शेजारीण आली. "बाजूला हो दारापासनं!" म्हणाली. वरवंटा घेऊन आली होती ती. कुलपावर घाव बसले, कडी निखळली, दार उघडलं. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही, म्हणाली, "जा पळ. पोर माझ्याकडे."

तो नळाशी ओल्या जमिनीवर बसला होता. भोवती रिंगण होतं, पण लांब. छातीला हात, डोळे मोठे, माशासारखं तोंड उघडत होता. "मला झाला," म्हणाला. "श्वास येत नाय. मला झाला."

मी त्याला काखेत धरून उठवलं. जव्हार काही मोठं नाही, दवाखान्यापर्यंत आम्ही चालत गेलो. लोक रस्ता सोडून बाजूला होत होते. दवाखान्याच्या व्हरांड्यात जे पाहिलं ते इथं लिहीत नाही. सगळीकडे तेच होतं तेव्हा. खूप वेळानं एका तरुण डॉक्टरनं त्याला तपासलं, बोटाला ते यंत्र लावलं, छाती ऐकली, नाकात काडी घातली. मग मला बाजूला घेतलं.

"ताई, ऑक्सिजन चांगला आहे. टेस्टही निगेटिव्ह आहे. छातीत काही नाही. हे भीतीनं होतं."

"भीतीनं माणूस पडतो?"

"पडतो. खोटं नाटक नाही करत ते. त्यांना खरंच श्वास मिळत नाही असं वाटतं." त्यानं थोड्या गोळ्या दिल्या, झोपेसाठी. "मोबाइल कमी बघू द्या. आणि एकटं ठेवू नका." मागं लोक थांबले होते, तो पुढं गेला.

मी नवऱ्याला सगळं समजावलं. त्यानं ऐकलं, मान हलवली. आम्ही गल्लीच्या तोंडाशी आलो, जीप तिथं होती. त्यानं दार उघडलं, आत बसला आणि काच वर केली. मी बाहेरून काच वाजवली.

"चल ना घरी."

काच बोटभर खाली झाली. "तू जा. मी दवाखान्यातनं आलोय. तिथं सगळीकडं तेच होतं. आता मला होणारच. मी इथंच राहीन."

"आणि मी? मीपण तिथनंच आले ना?"

त्यानं काच लावून घेतली.

त्यानंतर कित्येक आठवडे माझा नवरा जीपमध्ये राहिला. कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. मागच्या सीटवर झोपायचा, सकाळी पुढं येऊन बसायचा. लोक उठायच्या आत घरी येऊन मोरी वापरायचा, तेव्हा आम्ही अंगणात उभं राहायचं. ताट मी बॉनेटवर ठेवायची आणि मागं सरायची, मग तो दार उघडून घ्यायचा. जीपनं गल्लीचं तोंड भरलं होतं. एका अंगानं कसंबसं माणूस जायचं, मोटरसायकल जात नव्हती. लोक कुरकुर करायचे, पण जवळ जाऊन बोलायला भ्यायचे.

दाराचं कुलूप तर तुटलं होतं. पण मी उंबऱ्याच्या पुढं थोडी गेले की हॉर्न वाजायचा. तो काचेतून पाहत असायचा. नळाकडे निघाले, हॉर्न. शेजारणीच्या ओट्यावर बसले, हॉर्न. पोरगी चेंडूमागं धावली, हॉर्न. थांबलो नाही तर तो छातीला हात लावून वाकडा व्हायचा, मग मीच माघारी फिरायची. पाणी शेजारीण भरून द्यायला लागली. आधी कुलूप होतं, तेव्हा मी निदान म्हणू शकत होते की मला कोंडलंय. आता दार सताड उघडं आणि मी आत. पोरगी मला विचारायची, "आई, आपण कुणाचे चोर हाओत?" तिनं हे कुठून काढलं होतं देव जाणे.

मी दिवसभर दारात बसून तांदूळ निवडायची, निवडलेलेच पुन्हा निवडायची. मधेच श्वास अडकायचा, भिंती सरकायच्या. मी कुणाला सांगणार? घरात एकाला झालंय तेवढं पुरे होतं. आईला फोनवर सांगायची, सगळं बरं आहे. सासूला फोन केला की ती विचारायची, "दार उघडलं का त्यानं?" मी म्हणायची, उघडलं.

पावसाळा लागला. जीपच्या टपातून पाणी गळायचं, त्यानं वर ताडपत्री टाकली. मग एक दिवस आईचा फोन आला.

"तू येशील का चार दिस? रोप पिवळं पडायला लागलंय. आवणीला हात नायत."

दरवर्षी भातलावणीला येणारा माझा भाऊ वाड्याला कंपनीत होता, त्याला सुट्टी देत नव्हते. आई कधी कुणाला ये म्हणणाऱ्यातली नाही. मी म्हटलं, बघते. फोन ठेवला आणि बराच वेळ दारात उभी राहिले. मग पिशवीत दोन लुगडी आणि पोरीचे कपडे भरले, पोरीला उचललं आणि निघाले. हॉर्न वाजला. मी चालत राहिले. हॉर्न वाजतच राहिला. मी जीपचं मागचं दार उघडलं आणि पोरीला घेऊन आत बसले.

तो मागं वळला, डोळे फाटलेले. "उतर! कुठं चाललीस?"

"मोखाडा. पुढं सूर्यमाळ."

"जीप बंद हाय."

"चालू होईल तेव्हा जाऊ. मी बसलेय."

"तुम्हाला माझ्यापासनं होईल."

"इतके दिवस झाले. व्हायचं असतं तर तुला झालं असतं."

तो पुन्हा समोर पाहायला लागला. पावसाची झड होती, काचांवर वाफ धरली होती. पोरगी माझ्या मांडीवर झोपून गेली. बोलून बोलून माझं संपलं होतं. दुपार झाली तेव्हा त्यानंच तोंड उघडलं, समोर बघतच.

"त्यांनी माझा हात धरला होता."

मला आधी कळेना. मग कळलं, म्हाताऱ्यांचं बोलतोय.

"गिअरवरचा हात. घाटात उतरताना. घट्ट धरला होता. उतार आला, मला गिअर टाकायचा होता, म्हणून मी हात झटकला त्यांचा."

"गिअर नसता टाकला तर?"

"गाडी गेली असती."

"मग बरोबर केलंस."

"हां." त्यानं काचेवरची वाफ तळव्यानं पुसली. "पण मग त्यांनी परत धरला नाय."

त्याचे खांदे हलायला लागले. मी मागून हात पुढं केला आणि त्याच्या मानेवर ठेवला. त्यानं झटकला नाही. इतके दिवस मी समजत होते, याला मरणाची भीती आहे. ती होतीच. पण तिच्याखाली हे असं काही असेल हे मला सुचलं नव्हतं. त्यानंही कुणाला सांगितलं नव्हतं, इतका बोलका माणूस.

त्या दिवशी आम्ही गेलो नाही. पण दुसऱ्या सकाळी मी पिशवी घेऊन आले तेव्हा हॉर्न वाजला नाही. मी मागं बसले. त्यानं चावी फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. बॅटरी बसली होती.

मला हसू आलं, थांबेना. तो वळून पाहत राहिला. मग त्याच्या ओठाचा एक कोपरा हलला. "धक्का लागेल," म्हणाला.

मी उतरून शेजारणीला हाक मारली. ती आली, तिच्या मागं बाकीचे. तोंडाला मास्क, पदर, रुमाल बांधून अख्खी गल्ली गोळा झाली. जीप हलणार म्हटल्यावर कोण मागं राहतो? जे लोक याला हात लावायला भीत होते, त्यांनी जीपला खांदा लावला. "हां, हां, जोर लाव!" उतारावर जीप घरंगळली, खोकली, धूर सोडला आणि सुरू झाली. मी पळत जाऊन चढले.

"आता बंद करू नको," कुणीतरी ओरडलं, "बंद केली तर परत सुरू नाय व्हायची!"

तेच खरं होतं. आता थांबायची सोयच नव्हती. बाजारातून, तलावावरून आम्ही मोखाड्याच्या रस्त्याला लागलो. तो दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून बसला होता, जसं काही ते उडून जाईल. घाट आला. जिथं उतार सुरू होतो तिथं त्यानं जीप बाजूला घेतली, इंजिन चालूच. तोंड उघडलं, छाती वरखाली व्हायला लागली.

"नाय जमत. परत जाऊ."

"इथं वळवता येईल?"

त्यानं पाहिलं. एका बाजूला कडा, एका बाजूला दरी, रस्ता एका गाडीचा. वळवता येत नव्हती. हे त्यालाच माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

"मग थांबू थोडं," मी म्हटलं. "मला काय घाई नाय."

थांबलो. माझ्याही छातीत धडधडत होतं, पण मी खिडकी पूर्ण खाली केली होती आणि धुकं आत येत होतं, ओलं, गार. कित्येक महिन्यांत असा वारा तोंडाला लागला नव्हता. पोरगी खिडकीतून हात बाहेर काढून धुकं पकडत होती. त्याचं धापणं हळूहळू उतरलं, आपोआप, कुणी काही न करता. त्यालाही त्याचं नवल वाटलं असावं. मग त्यानं गिअर टाकला.

आई शेतातच होती. जीपचा आवाज ऐकून तिनं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. याच्या अंगाला फिनेलचा वास, दाढी वाढलेली, गाल बसलेले. तिनं रोपाच्या मुठी त्याच्याकडे फेकल्या. "हे वरच्या खाचरात पसर." तो गुडघाभर चिखलात उतरला. ज्याच्या घरी कधी जमीन नव्हती, त्याला आवणी आपली अशी माहीत नव्हती. लहानपणी आईबरोबर लोकांच्या शेतात केलेलीच. पण हातांनी काम ओळखलं. संध्याकाळी नाचणीची भाकरी आणि उडदाचं पिठलं त्यानं इतकं खाल्लं की आईनं पुन्हा चूल पेटवली. ओट्यावर, उघड्यावर, तो जो झोपला तो उन्हं वर आल्यावर उठला.

एका आवणीनं तो बरा झाला असं मी म्हणणार नाही. मधेच मूठ टाकून बांधावर बसायचा, बोट नाकाखाली धरून श्वास येतोय का पाहायचा. आई म्हणायची, "येतोय, येतोय. आता रोप दे." आम्ही आवणी संपेपर्यंत राहिलो. परत आल्यावर लस घेतली, रांगेत तो माझा दंड धरून उभा होता. दिवाळीनंतर जीप सुरू केली. आधी एकट्यानं रिकामी न्यायचा, मग दोघं-तिघं घ्यायला लागला. आता भरून नेतो. बोलतोही, पूर्वीइतका नाही. सासू वांगणीहून परत आलीच नाही. आम्ही जातो तिकडं. ती अजूनही त्याला दारात उभं करून म्हणते, "बस, पण दार लावू नको."

राहता राहिले मी. तो बरा होत गेला तसं मला कळायला लागलं की माझं काही तरी आत राहून गेलंय. ती खोली आम्ही सोडली, पण नव्या घरातही दाराची कडी मला लावता येत नाही. लग्नकार्यात भरल्या खोलीत बसता येत नाही, मी मांडवाच्या कडेला असते. नवऱ्याला हे माहीत आहे. तो उठून खिडकी उघडतो. दवाखान्यात विचारलं तेव्हा डॉक्टरबाईंनी सांगितलं, होतं असं, हळूहळू कमी होईल. झालंय थोडं कमी.

मागच्या पावसाळ्यात मी एकटी मोखाड्याहून नाशिकला चालले होते, एसटीनं. गाडी गच्च. पावसाची जोराची सर आली आणि सगळ्यांनी धडाधड काचा ओढून घेतल्या. आत अंधारल्यासारखं झालं, ओल्या कपड्यांचा वास, काचांवर वाफ. माझ्या घशाशी ते आलं. तळहात भिजले. मी कडेला नव्हते, मधे होते. खिडकीशी एक बाई बसली होती, माझ्याहून वयानं मोठी, मांडीवर भाजीची टोपली. मी तिला म्हटलं, "मावशी, जरा काच..." पुढं बोलता येईना.

तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं. टोपली पायांत ठेवली आणि दोन्ही हातांनी काच सरकवली. पाऊस सपकन आत आला. पुढचा माणूस ओरडला, "ओ बाई, भिजतोय ना आम्ही!"

"भिजा," ती म्हणाली. "पोरीला हवा पाहिजे."

आम्ही दोघी चिंब झालो. मी तोंड पुढं केलं, पाऊस डोळ्यांत जात होता, आणि घाट संपेपर्यंत तिनं ती काच तशीच धरून ठेवली, कारण गाडीच्या हिसक्यानं ती सारखी बंद होत होती.